अडीनडीचा पैसा : गटाचा आपत्कालीन निधी



आज आपण अडीनडीच्या पैशाबद्दल बोलणार आहोत. शेळ्या घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला किंवा किराणा दुकान टाकायला गट जे कर्ज देतो, ते वेगळं. त्याला अर्ज असतो, चर्चा असते, महिनाभर थांबलं तरी चालतं. पण रात्री अकराला सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं, पेरणीच्या तोंडावर बैल मेला, नवरा कामावरून पडला आणि मजुरी बंद झाली, तर बाई पुढच्या बैठकीची तारीख बघत बसत नाही. ती सगळ्यात जवळचं दार वाजवते. ते दार कोणाचं असावं, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या मराठवाड्यात बहुतेक वेळा ते दार सावकाराचं असतं नाहीतर मुकादमाचं. जून-जुलैत घरातलं धान्य संपत आलेलं असतं, पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, आणि आजारपणंही पावसाळ्यातच जास्त येतात. आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा कर्जाच्या वहीत एक गोष्ट नेहमी दिसते. वहीत कारण ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं, पण विचारलं की कळतं, ते पैसे दवाखान्याचं उसनं फेडायला घेतलेले असतात. म्हणजे अडचण आली तेव्हा गट उपयोगी पडला नाही, सावकार पडला. गट नंतर आला, तोही सावकाराचे पैसे फेडायला.

पाच टक्के म्हणजे किती?

सावकार ‘पाच टक्के’ म्हणतो आणि बँकही ‘दहा टक्के’ म्हणते. ऐकायला सावकार स्वस्त वाटतो. पण बँक वर्षाचा दर सांगते आणि सावकार महिन्याचा. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला 60 टक्के.

हिशोब करून बघू. एका बाईने 10,000 रुपये घेतले. सावकाराला दर महिन्याला 500 रुपये व्याज. दहा महिन्यांत व्याजाचे 5,000 गेले आणि मुद्दल 10,000 जसंच्या तसं उभं. आता हेच 10,000 गटातून शेकडा दोन रुपयांनी घेतले आणि दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याला व्याज 200, दुसऱ्याला 180, असं कमी होत शेवटच्या महिन्याला 20. दहा महिन्यांचं मिळून व्याज 1,100 रुपये. मुद्दलही फिटलं. आणि ते 1,100 रुपये गावाबाहेर गेले नाहीत, गटाच्याच पेटीत आले. गटाचा दर शेकडा एक असेल तर हेच व्याज 550 होतं.

मुकादमाची उचल तर याहून जड. तिथे व्याजाचा आकडा कोणी बोलत नाही, पण फेड अंगमेहनतीने करावी लागते. आमच्या भागातल्या एका मैत्रिणीने मुलाच्या ऑपरेशनसाठी गटात शब्द काढला नाही. आधीचे दोन हप्ते थकले होते, तोंड कसं दाखवायचं, असं तिला वाटलं. उचल घेतली आणि दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला गेले. सातवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर गेली. तिची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. दवाखान्याचं बिल भागलं, पण त्याची किंमत कोणी चुकवली, ते बघा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 हा कायदा आपल्या राज्यात लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक गटाने पाठ कराव्यात.

पहिली, परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं गुन्हा आहे. दुसरी, परवानाधारक सावकारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के, तर शेतकरी नसलेल्याला तारणावर 15 आणि विनातारण 18 टक्के, असे दर 2014 साली शासनाने ठरवून दिले. 12 टक्के म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. म्हणजे शेतकऱ्याकडून पाच रुपये घेणारा पाचपट घेतो आहे. तिसरी, एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. यालाच आपल्याकडे दामदुपटीचा नियम म्हणतात. चौथी, सावकारीत जमीन गेली असेल तर 15 वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. आणि काहीही झालं तरी कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही-अंगठा करायचा नाही.

मायक्रोफायनान्स कंपन्यांचं कर्ज हे सावकारी नाही, त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. 2022 च्या नियमांप्रमाणे कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज कंपनीने देऊ नये. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू नये, धमकी-शिवीगाळ करू नये. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून मात्र लांबच राहा. फसवणूक झाली तर 1930 या नंबरवर लगेच कळवा.

निधी कसा उभा करायचा?

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून गटाच्या नेहमीच्या बचतीपासून वेगळा, छोटासा आपत्कालीन निधी आधीच बाजूला हवा.

समजा गटात 12 जणी आहेत. महिन्याच्या बचतीशिवाय प्रत्येकीने 20 रुपये जास्त टाकले तर महिन्याला 240 आणि वर्षाला 2,880 रुपये जमतात. अंतर्गत कर्जाच्या व्याजातून वर्षाला 12,000 येत असतील आणि त्यातला चौथा हिस्सा या निधीला दिला, तर आणखी 3,000. म्हणजे पहिल्याच वर्षी 5,880 रुपये. ऐकायला थोडे वाटतात. पण रात्री गाडी करून तालुक्याला जायला, तपासण्यांना आणि दोन दिवसांच्या औषधाला एवढेच लागतात, आणि नेमके तेवढ्याचसाठी दागिना गहाण पडतो.

मोठी अडचण असेल तर ग्रामसंघाकडे जायचं. ‘उमेद’ अभियानात ग्रामसंघाला जोखीम प्रवणता निधी मिळतो. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. आजारपण, मृत्यू, अन्नधान्याची टंचाई, आपत्ती अशा वेळी गरिबातल्या गरीब कुटुंबाला पहिल्यांदा हात देणं, यासाठीच तो निधी आहे. तो सगळ्यांना समान वाटून टाकायचा नसतो आणि शेळी घ्यायलाही द्यायचा नसतो. आपल्या ग्रामसंघाला तो मिळाला आहे का, आज त्यात किती शिल्लक आहे, कोणाकोणाला दिला आहे, हे पुढच्या बैठकीत प्रत्येकीने विचारा. विचारण्याचा आपला हक्क आहे.

नियम आधीच ठरवा

पैसे जमवणं सोपं, नियम ठरवणं अवघड. आणि नियम अडचण येण्याआधी ठरले नाहीत तर अडचणीच्या वेळी भांडण ठरलेलं. आमच्या भागातले जे गट हा निधी नीट चालवतात, त्यांच्या ठरावात साधारण या गोष्टी दिसतात.

अडचण कशाला म्हणायचं? अचानक आलेलं आजारपण, अपघात, बाळंतपणातली गुंतागुंत, घरात मृत्यू, घर पडणं-जळणं, दुभतं जनावर मरणं, घरात धान्य नसणं, आणि मारहाणीमुळे बाईला घराबाहेर पडावं लागणं. शेवटची गोष्ट बऱ्याच गटांच्या यादीत नसते. ती घालून घ्या. लग्न, जावळ, जत्रा, मोबाइल ही कारणं यात बसत नाहीत. त्यांची तारीख आपल्याला आधी माहीत असते.

निर्णय कोणी घ्यायचा? सगळ्या बारा जणी जमेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून तिघींना अधिकार द्यायचा, आणि त्या वेगवेगळ्या गल्लीतल्या असाव्यात. तिघींपैकी दोघी ‘हो’ म्हणाल्या की पैसे द्यायचे. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर मांडायचं आणि इतिवृत्तात लिहायचं. अडचण त्या तिघींपैकीच एकीच्या घरातली असेल तर तिने निर्णयात बसायचं नाही.

किती आणि किती वेळात? मर्यादा आधी ठरवा. उदाहरणार्थ, गटाकडून 3,000 पर्यंत त्याच दिवशी, त्यापुढची रक्कम ग्रामसंघाकडून दोन दिवसांत. बँक रात्री उघडी नसते, म्हणून थोडी रोकड गावात हवी. पण सगळी नको. दोन-तीन हजार कुलुपाच्या पेटीत, बाकीची बँकेत. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. हा कोणावर अविश्वास नाही, उलट जिच्याकडे पेटी आहे तिच्यावर उद्या बोट येऊ नये म्हणून केलेली सोय आहे.

फेड कशी? पहिला महिना बिनव्याजी, नंतर नेहमीच्या दराच्या निम्मा दर, आणि छोटे हप्ते. घरातला कर्ता गेला असेल तर तीन महिने हप्ताच सुरू करायचा नाही, असंही काही गट ठरवतात. पण रक्कम वहीत मांडायचीच. ‘असू दे, दिले’ असं म्हणून सोडलं तर दुसऱ्या वर्षी पेटी रिकामी आणि तिसऱ्या मैत्रिणीला द्यायला काहीच नाही.

थकबाकीदार मैत्रिणीला द्यायचे का?

इथे प्रत्येक गटात वाद होतो, म्हणून जरा थांबू.

एका गटात असंच झालं. एका सदस्येचे तीन हप्ते थकलेले. तिचा नवरा बांधकामावरून पडला. ती रडत अध्यक्षांच्या दारात आली. कोषाध्यक्ष म्हणाल्या, “आधीचे फेडले नाहीत, आता आणखी दिले तर उद्या सगळ्याच हप्ते थकवतील.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पेटीतला पैसा बारा जणींच्या घामाचा आहे, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. दुसरी म्हणाली, “जिचे हप्ते वेळेवर जातात तिच्या घरात चार पैसे असतात. जिचे थकतात तिच्याच घरात काही नसतं. मग हा निधी काढला कोणासाठी?”

शेवटी त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जुनी थकबाकी जुन्या पानावर तशीच राहिली, माफ झाली नाही. तातडीचे 2,000 रुपये दिले, पण हातात दिले नाहीत. एक सदस्य बरोबर गेली, तिने तपासणीचे आणि औषधाचे पैसे तिथेच भरले आणि पावत्या आणल्या. फेड महिन्याला 200 रुपये ठरली. ती रक्कम दहा महिन्यांत फिटली आणि जुने हप्तेही हळूहळू सुरू झाले. त्यानंतर गटाने ठराव केला की थकबाकी हे आपत्कालीन मदत नाकारण्याचं कारण धरायचं नाही, मात्र अशा वेळी पैसे थेट दवाखान्यात किंवा दुकानात द्यायचे.

आमचं मतही तेच आहे. वाद घालणाऱ्या दोघीही गटाचीच काळजी करत होत्या. नियम नसला की एकीची काळजी दुसरीला दुष्टपणा वाटते.

पैसे काढण्याआधी एक फोन

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळदा जे फुकट किंवा हक्काने मिळतं, त्यासाठीही आपण कर्ज काढतो. म्हणून गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर ही यादी चिकटवून ठेवा.

दवाखान्यात न्यायला 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. गरोदर आणि बाळंत बाईसाठी 102. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे, आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही ही सोय आहे.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ती योजनेतल्या अंगीकृत दवाखान्यातच आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते, आणि ती कॅशलेस आहे. म्हणजे आधी पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहायचं नाही. दवाखान्यात पोचल्याबरोबर ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ हा पहिला प्रश्न विचारायचा. रेशनकार्ड आणि आधार जवळ हवं. कोणता दवाखाना योजनेत आहे हे 155388 या नंबरवर कळतं.

धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. निर्धन रुग्णाला दाखल करताना अनामत मागता येत नाही. तिथल्या समाजसेवकाला भेटायचं, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचं.

घरातला कर्ता माणूस गेला, वय 18 ते 59 होतं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. मृत्यू आजाराने झाला तरी मिळतात. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत अर्ज करायचा.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला, त्यात सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणंही आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांच्या आत करायचा. वीज पडून माणूस गेला तर आपत्ती निवारणातून वारसाला 4 लाख. नैसर्गिक आपत्तीत दुभती गाय-म्हैस मेली तर 37,500, बैल मेला तर 32,000, शेळी-मेंढीला 4,000 असे निकष आहेत. त्यासाठी लगेच तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्यायचा.

या सगळ्यात एक गोष्ट काळजावर दगड ठेवून करावी लागते. अपघाताने माणूस गेला की घरचे म्हणतात, आता कशाला पोलिस, कशाला शवविच्छेदन, लवकर उरका. त्या दुःखात हे साहजिक आहे. पण पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसला की पुढे विधवा बाईचा अर्ज अडकतो. अशा वेळी घरच्या बाईला बोलता येत नाही. गटातल्या दोघींनी पुढे होऊन घरच्या माणसांना हे समजावून सांगायचं.

आणि दोन विमे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50 मध्ये घेता येतो, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर 2 लाख. नवा घेतला तर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच जीवन ज्योतीचे पैसे मिळतात. दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात 456 रुपये शिल्लक नसतील तर विमा गुपचूप बंद पडतो आणि कोणी सांगायला येत नाही. मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक बघा.

लाज आणि वेळ

नियम झाले, नंबर झाले. तरी एक अडथळा उरतो, तो म्हणजे लाज. ‘माझ्या घरातलं सगळ्यांना कळेल’ म्हणून बाई गटाकडे येत नाही आणि दुप्पट व्याजाच्या दारात जाते. यावर दोन गोष्टी करता येतात. कोणी मदत घेतली ते गटाच्या बाहेर बोलायचं नाही, हे ठरावातच लिहा. आणि मैत्रीण दोन बैठकांना आली नाही तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या. कानातलं मोडलेलं, चूल उशिरा पेटलेली, पोरं शाळेत गेलेली नाहीत, हे शेजारणीला आधी दिसतं, वहीला नंतर.

पुढच्या बैठकीत मैत्रिणींनो, तीनच कामं करा. आपत्कालीन निधीचा ठराव लिहा, त्या तिघींची नावं ठरवा, आणि नंबरांची यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. अर्ध्या तासाचं काम आहे. काही अडलं तर तुमच्या भागातल्या समूह संसाधन व्यक्तीला किंवा ग्रामसंघाच्या लिपिकेला विचारा, आम्हीही बैठकांना येतोच आहोत.